पत्र्याच्या दाराआडचे साहेब

आमचे साहेब भित्रे होते. हे मी पाठीमागे बोलत नाही, त्यांच्या तोंडावरही म्हणायचे. ते मान डोलवायचे. "बरोबर आहे मॅडम, भित्रा आहे. पण भित्रा माणूस उगाच मरत नाही." पाली, कुत्री, शिंगं असलेलं कुठलंही जनावर, वळणावरचे ट्रक, जीपची पुढची सीट, वरच्या ऑफिसचा फोन, सगळ्याला भ्यायचे. डहाणूच्या रेल्वे फाटकाशी तर नुसता तमाशा. फाटक उघडं, रस्ता मोकळा, आणि आमचे साहेब रुळांच्या अलीकडे उभे. डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुन्हा डावीकडे. मागचे रिक्षावाले मराठीतून, गुजरातीतून आणि हिंदीतून आईमाई उद्धरायला लागले की मग एक पाऊल पुढे. मी वाणगावची, गाडी पकडायला धावतच मोठी झालेली. मला असा संताप यायचा की माणसाला उचलून पलीकडे ठेवावं.

सरकारने घरोघर संडास बांधायला घेतले होते तेव्हाची ही गोष्ट. ते आमचे गट समन्वयक आणि मी त्यांच्या हाताखाली. पाड्यापाड्यावर जायचं, लोकांना पटवायचं, बांधकाम बघायचं, बांधून झालं की लोक वापरतात का ते बघायचं. दोघंही कंत्राटी. ते घाटावरचे. बायको-मुलं तिकडे गावी, आणि हे इथे एका चिकूच्या वाडीत खोली घेऊन एकटे. पुढे एका मार्चअखेरीला त्यांची नेमणूक संपली ती पुन्हा झाली नाही, आणि ते घाटावर निघून गेले. आता कुठे असतात कोण जाणे. नंबर लागत नाही.

कुणाच्याही घरी गेले की हे आधी घरामागे जायचे. "राम राम" नंतर. संडासाचं दार उघडून डोकं आत घालायचे आणि हुंगायचे. आत सरपण रचलेलं असलं किंवा शेळी बांधलेली असली की चेहरा पडायचा. वास आला की खुलायचे. "वापरात आहे हो!" असं अंगणभर ओरडायचे, जणू त्या घरात पोरगा पास झालाय. घरातली बाई तोंडाला पदर लावून हसायची आणि मी जमीन कुठे दुभंगते का ते बघायचे. हे तेव्हा गमतीत म्हणत असू, जमीन दुभंगायचं. पुढे ते म्हणायची जीभ होईना.

पाणी कुणाकडचं प्यायचे नाहीत. आता पाड्यावर पाहुण्याच्या हातात पहिल्यांदा पाण्याचा तांब्याच येतो, तो नाकारला तर केवढा अपमान! नाकारायचे नाहीत. दोन्ही हातांनी घ्यायचे, "वा, वा" म्हणायचे, सगळं बोलणं होईपर्यंत छातीशी धरून बसायचे आणि कुणाचं लक्ष नसलं की तांब्या हळूच माझ्या हातात. दोघांच्या वाटचं पाणी मी प्यायचे. एकदा चिडून म्हटलं, "मी मेले तर चालेल वाटतं?" तर खरंच घाबरले आणि परतीच्या वाटेत मला तीनतीनदा विचारत राहिले, "मॅडम, पोट ठीक आहे ना?"

ही भीती कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं. तलासरीच्या बाजूला जीप पंक्चर झाली होती, आम्ही रस्त्याकडेला चिकू खात बसलो होतो. म्हणाले, त्यांच्या लहानपणी गावच्या जत्रेनंतर पटकी आली होती. सकाळी गल्लीत खेळत होती ती पोरं संध्याकाळी नव्हती. त्यांची धाकटी बहीण त्यात गेली. "विहिरीचं पाणी आरशासारखं होतं, मॅडम. तळातलं नाणं दिसायचं. घाण दिसली असती तर कुणी प्यालं असतं का?" एवढं बोलून त्यांनी चिकूची बी रुमालात बांधून खिशात ठेवली, रस्त्यावर टाकली नाही.

उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला तेव्हा गुड मॉर्निंग पथक निघायचं. पहाटे शेताच्या बांधावर जायचं, कुणी बसलेलं दिसलं की शिट्टी फुंकायची आणि हातात गुलाब द्यायचा, म्हणजे तो लाजेल. साहेबांच्या गळ्यातही शिट्टी अडकवली होती. त्यांनी ती कधी फुंकली नाही. लांबूनच खोकायचे, नाहीतर भसाड्या आवाजात आरती म्हणायला लागायचे. आम्ही पोचेपर्यंत बांध रिकामा. मी भांडले, "अशाने पकडणार कुणाला?" तर म्हणाले, "माणूस बसलेला असताना त्याला दचकवू नये. तिथे दचकलेला माणूस जन्मभर विसरत नाही." मला वाटलं, भित्र्याला निमित्त हवंच असतं.

पण एक होतं. लोकांना घाबरवायचं काम हा माणूस असा करायचा की काय सांगू. गावबैठकीत स्वच्छ पाण्याचा ग्लास ठेवायचे, कुणाला तरी विचारायचे, पिणार का? तो म्हणायचा पिणार. मग डोक्यावरचा एक केस उपटायचे, बांधावरच्या घाणीला लावायचे, तो केस ग्लासात बुडवून काढायचे आणि ग्लास पुन्हा पुढे करायचे. "आता प्या. पाणी तर तसंच दिसतंय. प्या ना." मग सांगायचे की माशीचे पाय केसापेक्षा जास्त घाण आणतात. हा प्रयोग आम्ही सगळेच करायचो, प्रशिक्षणातच शिकवलेला. पण आम्ही करायचो तेव्हा लोक हसायचे. साहेब करायचे तेव्हा त्यांचा स्वतःचा हात थरथरायचा, ग्लास हिंदकळायचा, आवाज चिरकायचा आणि अख्खी बैठक चिडीचूप व्हायची.

तलासरीच्या पूर्वेला डोंगरालगतच्या एका पाड्यावर असाच प्रयोग झाला आणि लखमीआजी उठून उभी राहिली. म्हातारी काटक, तोंडात पुढचे दोन दात. आमच्या त्या भागात साहेबालाही लोक 'तू'च म्हणतात, त्यात अपमान नसतो. ती म्हणाली, "साहेबा, तू येवढा मोठा माणूस, येवढा भितोस. तर काय तरी असलंच. मला बांधून दे."

त्या पाड्यावरचा पहिला संडास तिचा. मग हळूहळू सगळ्यांचे झाले. घरं कुडाची, कारवीच्या काड्यांना शेणमाती लिंपलेली. सबंध पाड्यावर विटा-सिमेंटचं पक्कं बांधकाम काय, तर फक्त संडास. वर स्लॅब, पुढे पत्र्याचं दार, आतून लोखंडी कडी. पुढे तिचा मुलगा रमेश याचं लग्न झालं, सून आली सवी. तिच्या माहेरी संडास नव्हता. ती आली तेव्हा आजी मला कौतुकाने सांगायची, "माझी सून देव्हारा झाडावा तसा संडास झाडते गं." सवी लाजून आत पळायची. कोवळी पोर, पण हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जायचं.

मग एका हिवाळ्यात जमीन हलायला लागली.

आधी आवाज यायचा. खालून. रिकामा ट्रक जमिनीखाली कुणी पालथा केल्यासारखा, एकच, जाड. मग भांडी वाजायची, मग पायाखालून काहीतरी सरकून जायचं आणि संपायचं. सुरुवातीला लोक म्हणाले, कुठेतरी दगडखाणीत सुरुंग लावत असतील. मग कळलं, नाही, हा भूकंप आहे. आणि एकदा येऊन जाणारा नाही. येतच राहिला. डहाणूकडे, तलासरीकडे, डोंगराच्या कडेने, कधी हलका, कधी काळजाचा ठोका चुकवणारा. भिंतींना तडे गेले. लोकांना तंबू मिळाले, नाही मिळाले त्यांनी ताडपत्र्या बांधल्या. कापणी झालेल्या भातखाचरात थंडीत कुडकुडत माणसं झोपायला लागली.

खरं सांगते, धक्क्याची भीती धक्क्याबरोबर निघून जाते. मधला वेळ असतो ना, तो खातो माणसाला. चहा ढवळताना हात थांबायचा, आला का? कुणी बाकडं सरकवलं तरी अख्खं ऑफिस दाराकडे. मी वाणगावला घरी कपड्यांसकट झोपायचे. आईला म्हणायचे, मला नाही वाटत भीती, आणि केस धुवायला न्हाणीघरात गेले की डोळ्यांत साबण असतानाच दार उघडून बाहेर यायचे.

साहेबांचं तर विचारूच नका. त्यांनी खाट खोलीतून वाडीत आणली. मग चिकूची फांदी पडेल म्हणून खाट मोकळ्यात नेली. मोकळ्यात साप येईल म्हणून चार पायांखाली पाण्याचे डबे ठेवले. धक्का आला की डबे डुचमळायचे आणि त्यांना कळायचं. झोप कसली ती! डोळे खोल गेले. गाडी चालवत नसताना हेल्मेट घालायला लागले. हेल्मेट घालून संडासला जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

अशात लखमीआजीच्या पाड्यावरून फोन आला. सवी संडासात अडकली होती. ती आत असतानाच मोठा धक्का आला, दार घट्ट बसलं, ती आतून किंचाळत राहिली. रमेश शेतातून धावत आला, बाहेरून दाराला हिसके देत राहिला तेव्हा कधीतरी ते उघडलं. तिला सातवा संपून आठवा लागला होता.

आम्ही गेलो तेव्हा रमेशने दाराची चौकट घासून सैल केली होती, बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, दार नुसत्या बोटाने उघडझाप करून दाखवत होता. पण कोण जातंय आत? पाड्यातलं एक माणूस संडासात पाऊल टाकायला तयार नव्हतं. झोपडी पडली तर कारवी अंगावर पडेल, माणूस झटकून उठेल. संडास पडला तर स्लॅब पडेल. त्यांचं काय चुकलं? बायाबापड्या अंधारात ओहोळाकडे जायच्या, पोरं तंबूंच्या मागे बसायची, म्हातारी माणसं बांधाशी. उतार सगळा विहिरीकडे. पाड्याला विहीर ती एकच. आणि तंबूंतून जुलाब सुरू झाले होते.

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी नितळ होतं. ते मागे सरले आणि मला म्हणाले, "मॅडम, दिसतंय बघा तळ." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायला लावली, पाणी उकळून प्या म्हणून तंबूतंबूत सांगितलं. पण पावडर किती दिवस पुरणार, वरून रोज घाण येत असताना?

लखमीआजीने मला बाजूला घेतलं. "बाय, सवी खात नाय."

"खात नाही म्हणजे?"

"घासभर खाते. पाणी बी घोट घोट. खाल्लं तर जावं लागंल ना. आत जायची तिला भ्या वाटते, वढ्यापर्यंत तिला चालवत नाय, आन् तंबूत चारी बाजूला बापय माणसं. म्हणून खातच नाय." म्हातारीने तंबूकडे बोट केलं. "पोट वाढतंय गं, पण पोर वाळत चाललीय. दवाखान्याची आशाताई वजन बघून गेली, काय बोलली नाय. तिचं तोंडच सांगत होतं."

मी तंबूत गेले. सवी पडून होती. गालाची हाडं वर आलेली, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी रागावले, समजावलं, बाळाची शपथ घातली. ती म्हणाली, "खाईन, ताई." आणि भिंतीकडे बघावं तशी ताडपत्रीकडे बघत राहिली. मला रडू यायला लागलं, म्हणून मी बाहेर आले.

बाहेर साहेबांनी बैठक भरवली होती. तोच ग्लास, तेच पाणी. केस उपटला, बुडवला, हात थरथरत होताच. "पिणार का?" लोक शांतपणे बघत होते. एकाने जांभई दिली. त्यांच्या पायाखाली जमीन हलत होती, त्यांना माशीच्या पायाची काय भीती घालता?

लखमीआजी म्हणाली, "साहेबा, ते जाऊ दे. तू आत बस."

"काय?"

"संडासात बस. दार लाव, कडी घाल. धक्का येईपर्यंत बस. तू जिता बाहेर आलास तर आम्ही जातो. सवीला बी मी हाताला धरून नेते."

लोक हसले नाहीत. सगळे साहेबांकडे बघायला लागले. मी म्हणणार होते, आजी, काहीतरी काय बोलता? पण तेवढ्यात मला साहेबांचा चेहरा दिसला. घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत आला होता. त्यांनी एकदा तंबूकडे पाहिलं, एकदा विहिरीकडे. मग हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाले, "बरं."

"हेल्मेट काढ," आजी म्हणाली. "आमच्याकडे हेल्मेट नाय."

त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. आतून ओलं झालं होतं. मग आत गेले, दार ओढलं आणि कडी घातल्याचा आवाज आला.

पाडा खळ्यावर बसून राहिला. भर दुपार, ऊन पाठीवर, पण कुणी जागचं हलेना. धक्का यावा म्हणून वाट बघत बसायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. येऊ नये असं वाटत होतं आणि एकदाचा येऊन जावा असंही वाटत होतं. आतून आवाज आला, "मॅडम, आहात ना?" मी म्हटलं, "आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "मॅडम, आहात ना?" "आहे, साहेब." मग ते पाढे म्हणायला लागले. एकोणीसचा म्हणताना मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. बाया एकमेकींकडे बघत होत्या. ऊन कलायला लागलं. रमेश म्हणाला, "येऊ दे त्यांना बाहेर, आज नाय येत तो." आजीने त्याला हातानेच गप्प केलं.

आणि आला.

आवाज खालून आला, नेहमीपेक्षा मोठा. कोंबड्या फडफडत उडाल्या, पोरांनी किंकाळ्या फोडल्या, खळ्यावरची माणसं उठायच्या आत पुन्हा खाली बसली. मी डोळ्यांनी पाहिलं, संडासाची भिंत हलली आणि स्लॅबवरून माती भुरभुरली. पत्र्याचं दार खडखडत राहिलं. मग सगळं थांबलं. इतकं शांत झालं की विहिरीत पडलेल्या खड्याचा आवाज ऐकू आला.

दार उघडलं नाही.

"साहेब!" मी ओरडले. काही नाही. मी धावले, माझ्यामागे आजी. "साहेब, कडी काढा!"

"काढतो." आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"काढा ना मग!"

"काढतो, मॅडम."

मी फटीतून पाहिलं. त्यांची बोटं कडीवरून फिरत होती, आंधळ्याची चाचपडावीत तशी, पण कडी धरत नव्हती. रमेश पहार घेऊन आला तसे आतून ओरडले, "पहार नको! दार चांगलं आहे! दार अडकलेलं नाही!" आजी दाराला तोंड लावून बोलायला लागली, लहान पोराशी बोलतात तशी. "मी हाय रे बाबा. हाय मी इथं. काय घाई नाय तुला. बसून घे. मग काढ." कितीतरी वेळाने खट्ट आवाज झाला आणि दार बाहेर आलं.

साहेब उभे होते. पांढरेफटक. पँट पुढून ओली झाली होती. मला वाटलं, आता हा माणूस शरमेने मरेल. मी पुढे होऊन आड उभी राहणार, तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि सगळ्या पाड्यासमोर बोलले, "मी घाबरलो. मला कडी दिसत होती. हात माझाच होता. पण हाताला कडी काढता येईना."

एकजण फिस्सकन हसला. मग दुसरा. मग सगळेच हसायला लागले, आणि ते हसणं काही वेगळंच होतं, इतक्या दिवसांचं अडकलेलं. साहेबही हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात तंबूच्या तोंडाशी सवी येऊन उभी राहिली. काठीला धरून. "माझं बी तसंच झालं," ती म्हणाली.

रमेशने वळून पाहिलं. "काय?"

"दार नव्हतं अडकलं. माझाच हात चालंना. मी खोटं सांगितलं."

"अगं, मी चौकट घासली! बिजागऱ्यांना तेल घातलं! तवा का नाय बोललीस?"

"हसला असतास," सवी म्हणाली. "सगळेच हसलं असतं. आता साहेबाला हसलात ना?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "दार काढा."

"साहेब, पण फोटो!" मी म्हटलं. वरून सक्त हुकूम होता, फोटोत दार दिसलं नाही तर संडास अपूर्ण धरला जाईल, गावाची हागणदारीमुक्तीची पाटी जाईल. वरच्या ऑफिसचा फोन आला की हाच माणूस खुर्चीवरून उठून उभा राहून बोलायचा. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला, मी पाहिलं. पण म्हणाले, "ते मी बघतो. आधी कडी जाऊ दे. कडीच नसली तर काढायची कशाला?"

रमेशने त्याच संध्याकाळी दार उतरवलं. आजीने आपलं जुनं लुगडं दुमडून पडदा लावला, वाऱ्याने उडू नये म्हणून खालच्या काठात खडे शिवले. सरळ हात लावला की बाहेर. मग घरोघर तेच झालं. ओळीने लाल, हिरवी, निळी लुगडी. वरून फोटो मागवले तेव्हा साहेब स्वतः पाड्यावर गेले. फोटोत प्रत्येक संडासाला दार आहे. दाराआड उभं राहून ते धरून ठेवणारे साहेब फोटोत दिसत नाहीत. त्यांची नेमणूक त्यामुळेच गेली असं ऑफिसात बोलतात. मला माहीत नाही.

बाया जायला लागल्या, मग पोरं, मग पुरुषही. बांधावरची घाण थांबली. सवी मात्र जाईना. आजी रोज हाताला धरून पडद्यापर्यंत न्यायची आणि ती पडद्याला हात लावून परत यायची. साहेब रोज डहाणूहून येत. काही विचारत नसत. संडासाकडे पाठ करून मोहाच्या झाडाखाली बसायचे, म्हणजे तिला अवघड वाटू नये. दर वेळी मला विचारायचे, "मॅडम, खाल्लं का तिने?" मी मान हलवायचे. नाही. तिचा आवाज आता कुजबुजीएवढा झाला होता. आशाताई म्हणाली, असंच चाललं तर तालुक्याला न्यावं लागेल, आणि तिकडे नेऊन तरी ती पक्क्या इमारतीत राहणार का? मला रोज सकाळी पाड्यावर पाय टाकायची भीती वाटायची, की आज काय ऐकायला मिळणार.

आणि एका सकाळी सवी तंबूतून उठली, कुणाला काही न बोलता, पोट सावरत चालत गेली आणि पडद्याआड गेली.

अंगणातल्या सगळ्या बाया एकदम कामाला लागल्या. कुणी पाखडायला, कुणी भांडी घासायला, कुणी उगाच झाडायला. तिकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळ्यांचे कान तिकडे होते. साहेब झाडाखाली पाठ करून बसलेले, मान खाली. मी मनात म्हणत होते, आता नको. थोडा वेळ नको. देवा, एवढा वेळ दे.

खालून आवाज आला.

भांडी वाजली. मोहाच्या फांद्या सळसळल्या. माणसं खाचराकडे धावली, पोरांना ओढत. रमेश संडासाकडे धावला. आणि कायम मोकळ्या जागेकडे पळणारे आमचे साहेब त्याच्याही पुढे होते. स्लॅबवरून माती पडत होती आणि लुगडं हलत होतं. साहेब पडद्यापाशी पोचले, हात पुढे केला आणि तिथेच थांबले. तोंड दुसरीकडे फिरवून ओरडले, "सवी! सवी, बाहेर ये पोरी!"

काही नाही. जमीन थांबली होती. आतून आवाज नव्हता. रमेशने डोक्याला हात लावला. लखमीआजी मटकन खाली बसली.

"येऊ नका कुणी!" आतून आवाज आला, चिडलेला, ठणठणीत. "अजून व्हायचंय माझं!"

आम्ही सगळे होतो तिथेच उभे राहिलो. जरा वेळाने पाणी ओतल्याचा आवाज आला. मग लुगडं बाजूला झालं आणि सवी बाहेर आली. केसांत माती पडली होती. तिने रांजणाशी जाऊन साबणाने हात धुतले, नीट, बोटांच्या मध्ये सुद्धा, आणि पदराला पुसले. आमच्याकडे पाहिलं. साहेब अजून तोंड फिरवूनच उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

"आये," ती सासूला म्हणाली, "नागलीची भाकर हाय का? दोन दे."